लिलाअक्काची काशी

माझ्या पोरीचं नाव सिएना. हे इटलीतलं शहर आहे, असं पिंपळनेरात भेटेल त्याला सांगावं लागतं. मी ते पाहिलेलं नाही. माझी धाकटी नणंद दीपमाला पुण्यात कंपनीत आहे, ती तिकडे फिरून आली आणि येताना हे नाव घेऊन आली.

मोठी नणंद लिलाअक्का. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, पोरबाळ नाही. तेव्हापासून आमच्याच गल्लीत एका खोलीत राहते. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस आहे, गावातल्या निम्म्या पोरांची नाकं तिनं पुसलीत. तिचा लांबचा प्रवास म्हणजे धुळे. हिला चौथीतून काढलं नि धाकटीला शिकवलं, हे ती कधी विसरली नाही. दीपमालाचे फोटो आले की म्हणायची, "फिरू दे. आपले काय करनं शे!" आणि फोटो मात्र दोनदा बघायची.

पण नाव ठेवायचा मान मोठ्या आत्याचा. मला सातवा लागला तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "पोरगी व्हयनी ते काशी. मना मायनं नाव." माझ्या सासूबाई काशीबाई. आमच्याकडच्या जुन्या बायका सगळ्या काशी, मथुरा, द्वारका. तीही शहरंच, पण ती आता कुणाला नकोत. अंगणवाडीत हल्ली एक पॅरिस आहे, तिचाही शेंबूड अक्काच पुसते.

बारशाच्या आधी दीपमालानं फोनवर नाव सांगितलं. माझ्या नवऱ्याला, समाधानला, ते आवडलं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. धुळ्याहून केक आला, त्यावर सिएना लिहिलेलं. अक्का केककडे बघत राहिली.

"मंग मी कसाले शे?"

"कानात तुम्हीच सांगायचं ना, अक्का."

"हमालनं काम," ती म्हणाली.

दीपमालाला रजा नव्हती, ती व्हिडिओ कॉलवर होती. अक्का पाळण्यावर वाकली, कुर्र केलं. पाठीत धपाटे घालायला बायका टपल्याच होत्या. त्या गोंधळात तिनं कानात काय सांगितलं ते मला एकटीला ऐकू आलं, कारण मी पाळण्याला लागूनच बसले होते. तिनं काशी म्हटलं. मग सरळ होऊन मोठ्यानं "सिएना" म्हणाली आणि फोनकडे बघून गोड हसली. मीही गप्प बसले. म्हटलं, बिचारीची तेवढीच हौस.

आता पोर दीड वर्षाची आहे. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते, तोवर ती अक्काकडे असते. संध्याकाळी मी सिएना, सिएना करून घसा कोरडा करते, पोर ढिम्म. अक्का दारातून नुसतं "काशी वं" म्हणते आणि ही पडत-झडत धावते. माझा जीव जळतो. नऊ महिने मी वाहिली, दुखणीखुपणी मी काढते, आणि ही बया आयती आई झाली! अक्का माझ्याकडे बघते तेव्हा तिच्या डोळ्यांत दीपमालाचे फोटो बघताना दिसायची ती आग आता नसते. ती माझ्या डोळ्यांत आली असावी.

परवा अक्का डोळे तपासायला धुळ्याला गेली होती. घरात आम्ही दोघीच. मी पोरीसमोर बसले, हात पसरले आणि अगदी अक्काच्या सुरात हाक मारली, "काशी वं."

पोर खुदकन हसली, उठली, माझ्या हातांना वळसा घालून दारापाशी गेली आणि गल्लीत अक्काला शोधू लागली.