पाणाड्याची अर्धी ओल

"पाणाड्या काढून टाकू," विक्रम म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सर, तुमचं काय म्हणणं?"

सोमवारची मीटिंग होती. टेबलाभोवती आम्ही तिघंच. विक्रम कंपनीचा मालक. रुपाली आमच्या गेममधल्या पाणाड्याची चित्रं काढणारी, त्याची गोष्ट रचणारी. आणि मी आकडे सांभाळणारा. मी म्हणालो, आकडे बरोबर आहेत. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी आणखी एक वाक्य बोललो, कुणी विचारलेलं नसताना.

"कल्पनाच जरा मंद आहे. लोकांना कंटाळा येत असेल."

त्या वाक्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

आमचं ऑफिस पडेगावला, दौलताबाद रोडवर, टाइल्सच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही फोनवरचा एक गेम बनवत होतो. या प्रकारच्या गेममध्ये खेळणाऱ्यानं सुरुवातीलाच आपण कोण व्हायचं ते ठरवायचं असतं. त्याला क्लास म्हणतात. आमच्याकडे तीन क्लास होते: योद्धा, तिरंदाज आणि पाणाड्या. एकदा निवडला की बदलता येत नाही. मग खेळत खेळत एकेक लेव्हल चढायची. प्रत्येक लेव्हलला त्या पात्राचे गुण वाढतात. योद्ध्याची ताकद, तिरंदाजाची नजर. या गुणांना स्टॅट म्हणतात. कुणाचा स्टॅट कितीनं वाढवायचा, म्हणजे तिघांपैकी कुणालाही निवडलं तरी खेळणाऱ्याला पस्तावा होणार नाही, हे ठरवणं म्हणजे बॅलन्सिंग. ते काम माझं.

मी मूळचा या धंद्यातला नाही. वीस वर्षं बारावीचं गणित शिकवलं, खाजगी क्लासमध्ये. विक्रम माझा विद्यार्थी, करमाडहून एसटीनं यायचा. पुढे माझे वर्ग ओस पडले आणि त्यानं मला बोलावून घेतलं. कोणीही नवीन माणूस आला की तो माझी ओळख एकाच वाक्यात करून द्यायचा: सरांचं गणित चुकत नसतं. ऐकून ऐकून मलाही ते पटलं होतं.

पाणाड्या हा क्लास रुपालीचा. ती देवगाव रंगारीची. तिचा आजा खरोखरचा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या रानातून चालायचा, आणि नारळ उभा राहिला की म्हणायचा, इथं खणा, पाणी लागेल. गेममधला पाणाड्या लढत नाही फारसा. तो कोरड्या माळावरून चालतो. पायाखाली पाणी असलं की त्याला ऐकू येतं. तिथं त्यानं झरा उघडला की सोबत्यांच्या जखमा भरतात. त्याच्या स्टॅटचं नाव तिनं ठेवलं होतं ओल. ओल जितकी जास्त, तितकं खोलवरचं पाणी त्याला लागतं.

गेम बाजारात आणण्याआधी आम्ही तो थोड्या लोकांना खेळायला दिला होता. पाणाड्या निवडणारे सुरुवातीला भारून जायचे. विसाव्या लेव्हलच्या आसपास मात्र एकेक जण सोडून द्यायचा. झरे उघडत नव्हते, सोबती मरत होते. एकानं लिहिलं होतं, बिचारा दमलाय.

मीटिंगमध्ये ठरलं की पाणाड्याच्या जागी तोफा डागणारा तोफची आणायचा. रुपालीचं काँट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. विक्रम तिला म्हणाला, तोफची कसा जमतो बघू, मग काँट्रॅक्टचं बोलू. ती हो म्हणाली. नंतर माझ्या टेबलापाशी आली.

"सर, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"तुम्ही पाणाड्याला कधी पायी चालवलंय का? पहिल्या लेव्हलपासून?"

"चालवलंय की," मी म्हणालो. ते खोटं होतं.

"मग ठीक आहे. माझीच कल्पना मंद असंल." तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरंच पटल्यासारखं म्हटलं.

आता खरं सांगतो. आमच्याकडे तपासणीसाठी एक बटण होतं. ते दाबलं की पात्र एकदम चाळिसाव्या लेव्हलला जाऊन उभं राहायचं, सगळे गुण वाढलेले. मग मी त्याला लढवायचो आणि निकाल तक्त्यात भरायचो. पहिल्यापासून चाळीस लेव्हल चढायला दिवसचे दिवस जातात. पगार घेणाऱ्या माणसानं असं खेळत बसणं मला बरं वाटायचं नाही. त्यामुळे ऑफिसातल्या कुणीच पाणाड्याला चालवत नेलेलं नव्हतं. रुपाली सोडून. आणि पाणाड्या मध्येच दमतो असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला तक्ता दाखवला होता.

त्याच दुपारी मी पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली. कारण चांगलं नव्हतं. उद्या तिनं वाटेतली एखादी खूण विचारली तर माझं खोटं उघडं पडेल, एवढीच भीती होती.

पण मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी त्या माळावर चालू लागलो. रुपालीनं माळ असा रंगवला होता की दुपार कधी संपतच नाही. पिवळं गवत, लांबवर एक डोंगर, त्याची सावली पाण्यासारखी हलणारी. पाणाड्याच्या अंगावर धुवट निळं धोतर, खांद्यावर पंचा. तो सावकाश चालतो. चालता चालता तळव्याखालून बारीक आवाज येतो, कुणीतरी शेजारच्या खोलीत पाणी ओततंय असा. मग जमीन काचेसारखी होते आणि खाली नहर दिसते, जमिनीखालून नेलेली पाण्याची वाट, दगडी, अंधारी, वाहती. मी बसल्या जागी पाय जमिनीवरून वर उचलले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, सर, उंदीर आहे का?

मंगळवार, बुधवार असेच गेले. खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसतो. तो त्या डोंगरात मिसळून गेला. बुधवारी संध्याकाळी घरी जाताना मी रिक्षा सोडली आणि चालत गेलो. या शहराच्या पोटातूनही जुनी नहर जाते, सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी मला ती पायाला लागली. फुटपाथवर एका जागी उभा राहिलो तर खालून गार वाटलं. आमच्या कॉलनीत नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला असतो. तो वार नव्हता, तरी घरभर मला पाण्याचा आवाज येत राहिला. बायको म्हणाली, "नळ बघून या म्हणलं तर उठत नाय, अन् आज तीनदा बघून आलात." रुपालीच्या कल्पनेला मी मंद म्हटलं होतं. ती मंद नव्हती. ती संथ होती, आणि इतकी शांतता मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

गुरुवारी दुपारी मी एकविसाव्या लेव्हलला पोचलो. नदीच्या कोरड्या पात्रात उभा होतो. खाली पाणी ऐकू येत होतं, पण झरा उघडेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. सोबत्यांपैकी एक बसला तो उठलाच नाही. मी पाणाड्याची माहिती उघडली. ओल तीस.

तीस कशी असेल? सुरुवातीला दहा. दर लेव्हलला दीड. वीस पायऱ्यांचे तीस. एकूण चाळीस व्हायला हवेत.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली. दीड मिळवला की बेरजेत अर्धा उरतो. आमचा प्रोग्राम प्रत्येक लेव्हलला तो अर्धा टाकून देत होता. साडेअकराचे अकरा, पुढच्या वेळी साडेबाराचे बारा. म्हणजे चालत येणाऱ्याला दीडऐवजी एकच मिळत होता. बटण दाबून उडी मारणाऱ्याचा हिशोब मात्र एकदम व्हायचा, शेवटी एकदाच अर्धा जायचा. म्हणून माझ्या तक्त्यातला पाणाड्या तगडा होता आणि लोकांच्या हातातला दमत होता. योद्धा आणि तिरंदाज दोनदोननं वाढायचे. त्यांच्यात अर्धा नव्हताच, म्हणून त्यांना काही झालं नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही सूचना कुणी दिली होती? मीच. कागद सापडला, अक्षर माझं. स्क्रीनवर अपूर्णांक वाईट दिसतो, प्रत्येक लेव्हलला पूर्णांक करा.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चहा प्यायला खाली गेलो.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. शुक्रवारीही नाही. आकडा गुपचूप सुधारावा आणि सोबत किरकोळ दुरुस्ती एवढंच लिहावं, असं मनात होतं. तसं टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शुक्रवारी दुपारी रुपालीनं डबा उघडून मला बोलावलं. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. जेवताना ती सांगत होती की पाणाड्याची चित्रं तिनं ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवली, आणि तोफचीच्या मिशा काही जमत नाहीत. मी तिचा ठेचा मागून घेतला, आणि तरीही सांगितलं नाही. सरांचं गणित चुकलं, हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी कागद काढला आणि दोघांना आत बोलावलं. सगळं सांगितलं. अर्धा, बटण, सूचना. पहिल्या लेव्हलपासून चालवल्याचं रुपालीला खोटं सांगितलं होतं, तेही सांगितलं.

विक्रमनं कागद वाचला आणि टेबलावर ठेवला.

"सर, माझं उत्तर बरोबर असलं तरी तुम्ही स्टेप्सचे मार्क कापायचे," तो म्हणाला. "आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग आता बोला, तुमचे किती कापू?"

मला हसता आलं नाही. त्यालाही नाही. तो रुपालीकडे वळून म्हणाला, पाणाड्या राहील, तोफची बंद, काँट्रॅक्टचे कागद सोमवारी करून टाकू. रुपाली माझ्याकडेच बघत होती.

"कधी कळलं सर तुम्हाला?"

"गुरुवारी. दुपारी."

"मी काल संध्याकाळी पुण्याच्या कंपनीला हो म्हणून बसले. त्यांचा फोन लई दिवसांपासून येत होता. मी टाळत होते. मला वाटलं, आपल्याला काय जमत नाय, तर निदान दुसऱ्याच्या कल्पनेवर काम करावं."

विक्रमनं तिला समजावून बघितलं. पुण्याला कळव, दोन दिवसांत काय बिघडतं, पगाराचंही बघू. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, शब्द दिलाय मी." माझ्यावर ती चिडली नाही. चिडली असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. अर्धा आता आत जपून ठेवतो, फक्त दाखवताना लपवतो. ज्यांनी मध्येच सोडलं होतं त्यांच्या पाणाड्याला त्याची राहिलेली ओल परत दिली. सोबत त्या लोकांना एक पत्र गेलं. तुमच्या खेळण्यात दोष नव्हता, पात्रातही नव्हता, आकडा चुकला होता. खाली माझं नाव. विक्रम म्हणाला नावाची गरज नाही. मी ठेवलं. काही जण परतले. बिचारा दमलाय असं लिहिणाऱ्यानं कळवलं की कोरड्या पात्रातला तो झरा उघडला, आणि तो पुढे न जाता नुसता पाणी बघत बसला होता. ते पत्र मी रुपालीला पुढे पाठवलं. तिनं एक नमस्काराची खूण पाठवली.

ते बटण मी काढून टाकायला लावलं. आता कुठलाही क्लास मी पहिल्या लेव्हलपासून स्वतः चालवत नेतो, आणि त्याआधी त्याच्याबद्दल मीटिंगमध्ये बोलत नाही. दिवस जातात. विक्रम कुरकुरतो, पण जाऊ देतो.

या कामातून मी शिकलो ते एवढंच. एखाद्याचं काम कमी पडतंय असं वाटलं, तर बोलण्याआधी आपला कागद तपासावा. त्यात चूक सापडली, तर ती त्याच दिवशी सांगावी. मी गुरुवारी बोललो असतो, तर रुपाली आज इथंच असती.