गोळी फक्त मुलांना

मुलीला कुंडीतली माती खाताना पाहिलं तेव्हा मला आधी हसूच आलं. आठ वर्षांची घोडी आणि हे बाळकृष्णाचे उद्योग! दटावायला जवळ गेले, तिची हनुवटी वर केली आणि हसू आटलं. ओठ पांढरेफटक होते. अन्नपूर्णा वस्तीतल्या आमच्या घराचा जिना चढताना ती मध्येच बसायची, तो मी आजवर आळस समजत होते.

मी मूळचीच भित्री. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मनातल्या मनात तिला कुठल्या कुठल्या इस्पितळांत नेऊन आणलं, ते सांगवत नाही. हिमोग्लोबिन सात निघालं. कारण जंत. आतड्याला चिकटून रक्त पिणारे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, लोहाचं औषध दिलं, आणि हळूहळू पोरीच्या गालांवर रंग आला. मी देवीची ओटी भरून आले.

सहाएक महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा गोळ्या, पुन्हा गाल लाल. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी वाटतात, तीही ती न चुकता चघळून येत होती. आणि तरीही एका सकाळी शाळेतून फोन आला, की प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली.

त्या दिवशी रिक्षात बसले आणि विचार सुरू झाले. आजार माहीत होता, औषध माहीत होतं, मग हे काय? आता औषधच लागू पडेनासं झालं असेल तर? किड्यांना सवय झाली असेल तर? गोळीवर गोळी द्यायची आणि दर वेळी पोरगी थोडी थोडी संपत जायची, असलं काहीबाही डोक्यात येत होतं.

"सूनबाई, तू फालतूचं टेन्शन घेऊन राहिली," नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे सासरे. "बच्चे लोकांना किडे होतेच. आमच्या वेळी कोण गोळ्या खात होतं? बघ, कसा ठणठणीत आहे मी!" एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली होती. सत्तरीचा माणूस, धाप लागायचीच, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

डॉक्टरीणबाईंनी मात्र औषधाला दोष दिला नाही. म्हणाल्या, "गोळी पोटातले किडे मारते, बाहेरचे नाही. बार बार होऊन राहिलं आहे, मतलब कुठून तरी येतंय. हे किडे पायाच्या चामडीतून आत शिरतात. छोरी कुठे नंगे पैर फिरते का?"

मी नाही म्हणणार होते. आणि मला रविवार आठवले.

संस्थानी दरबारातल्या चाकरीबद्दल पूर्वजांना मिळालेली आमची थोडी जमीन शहराबाहेर सांवेरला आहे. दर रविवारी नाना नातीला मोटरसायकलवर बसवून तिकडे नेतात. शेतात शिरताना चपला बांधावर काढायच्या, ही आमच्या घरची रीत. "आईच्या अंगावर जूते घालून चढते का कोणी?" असं नाना विचारायचे आणि आम्हा सर्वांना ते पटायचं. विहिरीमागे गार सावली आहे, माती कायम ओलसर. पोरगी तिथं दिवसभर मातीची घरं करत बसायची. आणि नाना सकाळी लोटा घेऊन जायचे, तेही विहिरीमागेच. लहानपणापासूनची सवय. घरी कमोड असला तरी शेतावर शेतासारखंच, असं त्यांचं म्हणणं.

हे सारं ऐकून बाईंनी घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करायला सांगितली. नाना आधी हसले, मग चिडले, शेवटी नातीनं गळ घातली म्हणून तयार झाले. माझ्यात आणि नवऱ्यात काही निघालं नाही. नानांच्या रिपोर्टात जंतांची अंडीच अंडी होती. किती वर्षांची, कोण जाणे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! आम्ही गोळ्या देत होतो लेकराला, आणि नानांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.

आता त्यांना हे सांगायचं कोणी? नवऱ्यानं रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. खरं सांगितलं तर म्हातारा खचेल, आणि लपवलं तर येत्या रविवारी पुन्हा तेच.

शेवटी मी कागदच नानांच्या हातात ठेवला. त्यांनी तो वाचला. स्वतःच्या तब्येतीबद्दल एक शब्दही विचारला नाही.

"मतलब, छोरीला माझ्यामुळे?"

"मजुरांमुळेही असेल नाना," मी म्हणाले, "पण तुमच्यामुळेही."

त्याच दिवशी नाना आणि नात, दोघांनी गोळ्या घेतल्या. शेतावर संडास बांधला, मजुरांनाही औषध दिलं, विहिरीमागची जागा काट्या लावून बंद केली. नाना आता बूट घालून शेतात जातात, एकटेच. नात फाटकाशी रडते, तरी नेत नाहीत.

मागच्या आठवड्यात तिचा रिपोर्ट आला. सगळं ठीक, हिमोग्लोबिन बारा. मी लॅबमधून जवळजवळ पळतच आले आणि कागद आधी नानांच्या हातात दिला. वाटलं, आता म्हणतील, बघ, उगाच घाबरत होतीस. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि हळूच मला विचारलं, "पिछली बारसुद्धा असाच चांगला आला होता ना गं?"

आला होता. आजवर ते हसायचे, म्हणून मला निवांत घाबरता येत होतं.