बादलचा टी-शर्ट घालून पळस्प्याला

पुण्याहून पनवेलकडे निघालो तेव्हा माझ्या पायात कोरे करकरीत गमबूट होते. जनावरांच्या विषाणूंची जनुकीय अक्षरं वाचणं हा माझा पेशा. जनावरांशी संबंध मात्र चहातल्या दुधापुरता. नमुने आणणारे डॉक्टर आजारी पडले आणि माझी रवानगी झाली. "लाथ बसली तर फोन कर," बायको म्हणाली.

कोन गावात लाळ्या-खुरकुताची (तोंडात आणि खुरांत फोड आणणारा रोग) साथ होती. आधी यमुनाबाईंच्या गोठ्यात गेलो. त्यांनी नवी म्हैस आणली आणि पाठोपाठ साथ आली, म्हणून सगळं गाव त्यांना बोल लावत होतं. यमुनाबाई इथल्या धवलारीण (लग्नविधींची गाणी म्हणणारी बाई). त्यांच्याशिवाय कोनमध्ये लग्न लागत नसे. आता शेजारच्या हिराजींच्या मुलीची हळद तोंडावर आली होती आणि यमुनाबाईंना बोलावणं नव्हतं.

"तुमची मशीन सांगंल का, रोग कोनी आनला?" त्यांनी विचारलं.

"सांगेल ना," मी रुबाबात म्हणालो. "एका जनावरातून दुसऱ्यात जाताना विषाणूची अक्षरं थोडी बदलतात. त्यावरून आधीचा कोण, नंतरचा कोण ते कळतं."

तेवढ्यात म्हशीने मान झटकली आणि मी शेणात बसलो. नमुना मिळाला, रुबाब गेला.

हिराजींनी मला दारातच अडवलं. "तिच्या गोठ्यातून आलात. या कापडांत माज्या बैलाजवल नाय."

म्हणणं अगदी बरोबर होतं. बदलायचे कपडे मी पुण्यात विसरलो होतो. मग अंगणातच आंघोळ झाली आणि हिराजींची लुंगी व टी-शर्ट अंगावर आला. छातीवर त्यांच्या शर्यतीच्या बैलाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'बादल'. खरा बादल गोठ्यात लाळ गाळत पडला होता. हिराजी त्याच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. मला त्यांचा आलेला राग तिथेच विरला. नमुना घेऊन निघताना पुन्हा आंघोळ, पुन्हा धुतलेला टी-शर्ट. त्यावरही बादलच.

त्या अवतारात, परतीच्या वाटेवर, पळस्प्याला चहा प्यायला उतरलो. टपरीवरचा एक माणूस माझ्या छातीकडे बघत म्हणाला, "बादल कसा हाय? सर्यतीला आमच्या बैलाशेजारीच बांधला होता."

"आजारी आहे."

त्याचा चेहरा उतरला. "आमची गाय त्याच्या आधीच लाल गालत होती. बैल बरा दिसला म्हनून नेला. सर्यत चुकवायला जीव झाला नाय."

लुंगी सावरत मी त्याच्यासोबत गेलो. गाईचा नमुना घेतला. तिथे तिसरी आंघोळ झाली. इतका स्वच्छ मी लग्नातही नव्हतो.

पुण्यात अक्षरं जुळवली. त्या गाईचा आणि बादलचा विषाणू जवळजवळ एकच होता. यमुनाबाईंच्या म्हशीत तोच होता, पण वर आणखी काही बदल घेऊन. म्हणजे म्हशीने बादलला नव्हे, बादलने म्हशीला रोग दिला होता. शर्यतीला गेलेल्या गावांपासून लसीकरण सुरू झालं. मी घाबरत हिराजींना फोन केला. "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, दोन घरांतलं भांडण शास्त्राच्या आधाराने मी तिसऱ्या घरापर्यंत नेलं.

काही दिवसांनी यमुनाबाईंचा फोन आला. "हिराजी दारात नारल ठेवून गेला. आवतानच ते. मी उचलून घेतला. उद्या हलद हाय."

"मग गाणार?"

"गानार तर. पयलं गानं बादलच्या नावानं. अजून उठत नाय बिचारा."

दोष कुणाचा हे शोधून मी किती खूश झालो होतो, आणि ही बाई त्या दोषाचं नावही काढत नव्हती.

"तुमची कापडं हिराजीकडंच राहिलीत," त्या म्हणाल्या. "घ्यायला या."

टी-शर्ट परत करायचाय, असं बायकोला सांगून मी हळदीच्या दिवशी सकाळीच निघालो. या वेळी घरून निघतानाच अंगात तोच होता.