मॅडम, अंदाजे किती होईल?

जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साठतातच. कुत्र्या-मांजरांच्या केसांसारखे. सकाळी कितीही नीट झाडून घ्या, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा आहेतच.

मी आधी अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. कंपनी बंद पडली आणि सिडकोतल्या या दवाखान्यात आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या डॉक्टर मॅडम आत तपासतात आणि खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद बाहेर मी देते. मॅडमना पैशाचं बोलणं जमत नाही. आजार त्या सांगतात, आकडा माझ्या वाट्याला येतो.

कागद हातात घेतल्यावर माणूस तो लगेच वाचत नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघतो, आकडा केवढा असेल ते तिथे दिसतं का म्हणून. अकरा वर्षं झाली, तरी त्या दोन-तीन सेकंदांत मी उगाच स्टेपलर सरळ करते.

*

गंगापूर रोडवरून एक गृहस्थ आले होते, सोबत बायको आणि कुत्रा. कुत्रा साधा, गल्लीतलाच, लहानपणी उचलून आणलेला. त्याच्या मागच्या पायाचं ऑपरेशन करावं लागणार होतं. मी कागद दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"ताई, हा कुत्रा आम्हाला फुकटात मिळालाय," ते म्हणाले. "फुकटच्या कुत्र्यावर एवढा खर्च? काही हिशेब आहे का याला?"

मी कागदावर सहीच्या जागी फुली केली.

बायको बाकावर बसून मोबाइल बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीपण फुकटातच आले होते. पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याचं काय करायचं, तेही आत्ताच ठरवून टाका."

गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

*

सगळ्यांचं असं एका वाक्यात निभत नाही.

निकम सर आणि निकम बाई, दोघंही रिटायर्ड शिक्षक. त्यांच्या लॅब्रेडॉरच्या किडन्या गेल्या होत्या. तेरा वर्षांचा ब्रूनो. एक दिवसाआड सलाइन लावायचं, एका वेळचा खर्च बाराशे. बरा होणार नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं.

खर्चाचा आकडा विचारायला दुसऱ्या दिवशी सर एकटेच आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाईंसमोर पाचशेच सांगत जा. वरचे सातशे मी गुपचूप देत जाईन. खरा आकडा कळला तर ती म्हणेल, पुरे आता."

मी बरं म्हटलं. संध्याकाळी बाईंचा फोन आला, त्यांनीही आकडा विचारून घेतला. "सरांना पाचशेच सांगा हं. उरलेले मी मोबाइलवरून पाठवते. त्यांना कळायला नको, ते लगेच थांबवतील."

आता मी कोणाला काय सांगू? एकाला खरं सांगितलं की दुसऱ्याचं उघड होणार. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जास्तीचे वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढचं पुढे बघू." प्रत्येक वेळी ती दोघं आली की मी पाचशे म्हणताना टेबलाकडे बघायचे. सर मान डोलवायचे, बाई मान डोलवायच्या, आणि मधे ब्रूनो, पुढच्या पायाचे केस काढलेले, सुईच्या जागी काळंनिळं झालेलं.

हे चार महिने चाललं. मग ब्रूनो गेला. आठवड्याने दोघं त्याचा पट्टा न्यायला आली, तेव्हा मी पाकीट दोघांच्या मधोमध ठेवलं आणि सांगून टाकलं.

दोघांनी आधी पाकिटाकडे, मग एकमेकांकडे बघितलं. मग सर म्हणाले, "मला वाटलं, तू थांबवा म्हणशील."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल," बाई म्हणाल्या. पट्टा त्यांच्या हातात होता. "म्हणजे आपल्यापैकी कोणीच म्हणालं नाही."

पाकीट त्यांनी नेलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

*

मालेगावहून एकदा युसूफभाई आले. यंत्रमागावर काम करणारे, पन्नाशीचे. बसने आले होते, मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत पांढरं कबुतर, पतंगाच्या मांजाने पंख कापलेला आणि आतलं हाडही मोडलेलं.

मॅडमनी दोन रस्ते सांगितले. पंखात बारीक पिन घालायची, तर चार हजार. परत उडायची शक्यता बरी. नुसती पट्टी बांधायची, तर सहाशे. जगेल, पण उडणार नाही.

युसूफभाई विचारात पडले. "उडेगा नहीं, मतलब घर पे ही रहेगा?"

"हो. घरीच राहील."

"तो फिर पट्टी बांध दो मॅडम," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा ओशाळं हसले. "पिछले साल उड्या तो चार दिन नहीं आया. घरवाली ने ठीक से खाना नहीं खाया. मी पण नाही."

पट्टी बांधून झाली. पैसे दिले, टोपली उचलली, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बाहेर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कोणाची तरी कबुतरं सुटली होती, ती घिरट्या घालत होती. टोपलीतून फडफड ऐकू येत होती. पट्टी बांधलेला पंख हलत नव्हता, दुसरा हलत होता.

ते आत आले आणि टोपली परत काउंटरवर ठेवली.

"पिन डाल दो," ते म्हणाले. "चार दिन की तो बात है. रुक जाएंगे."

*

एक किस्सा सांगू की नको, असं मला दर वेळी वाटतं.

नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघंही नोकरी करणारी. तीन महिन्यांचं पिल्लू. उलट्या, रक्ताचे जुलाब. पार्वो, पिल्लांना होणारा जीवघेणा आजार. मॅडम म्हणाल्या, आत्ताच ॲडमिट करावं लागेल, पाच-सहा दिवस. खर्चाचा कागद मी दिला. आकडा मोठा होता, आणि वाचेलच याची खात्री मॅडम देत नव्हत्या.

नवरा म्हणाला, "एक दिवस द्या. जरा विचार करतो."

मॅडम म्हणाल्या, "विचार करा, पण ॲडमिट करून करा."

तरी ती दोघं पिल्लू घेऊन गेली. मी त्यांना दोष देत नाही. तेवढा आकडा ऐकून मीही घरी जाऊन विचार केला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. त्या वेळात त्यांनी आणखी तीन दवाखान्यांत भाव विचारले होते. सगळीकडे थोड्या फरकाने तेच. पिल्लू आता मानही उचलत नव्हतं. ॲडमिट केलं. ती मुलगी चार दिवस बाकावर बसून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती. मधूनच उठायची, काचेतून आत बघायची, परत बसायची. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं.

बिल देताना मॅडमनी बरीच रक्कम कमी केली होती. नवऱ्याने माझ्याकडे मूळ बिल मागितलं आणि पूर्ण भरलं.

"राहू द्या ना," मी म्हटलं. "मॅडमनीच सांगितलंय."

"नको ताई," तो म्हणाला. "एक सांगा. त्या तीन दवाखान्यांपैकी सगळ्यात स्वस्त होता तो तुमच्यापेक्षा दोन हजारांनी कमी होता. तो एक दिवस दोन हजारांचा होता का?"

*

आता माझी चूक. ही मी फार कमी लोकांना सांगितलीय.

पंचवटीतल्या शोभाताई घरी ब्लाउज शिवतात. त्यांनी आपली चिंगी नावाची कुत्री आणली होती. गर्भाशयात पू झालेला, त्याच दिवशी ऑपरेशन करायला हवं होतं. मॅडमनी आतून अठरा हजार सांगितले. माझ्या कानाला फोन, समोर एक मांजर ओरडतंय, मी कागदावर आकडा लिहिला आणि एक शून्य राहून गेलं. अठराशे.

शोभाताईंनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं. मग सही करून म्हणाल्या, "करा."

चिंगीला भूल दिली, ऑपरेशन सुरू झालं. मी फाइल लावायला घेतली तेव्हा तो आकडा दिसला. आत पोट उघडलेलं, बाहेर ही बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. थांबवता येत नाही, आणि सांगितल्याशिवायही राहता येत नाही. ऑपरेशन संपेपर्यंतचा तो सव्वा तास कसा काढला ते माझं मला माहीत. दोनदा त्यांच्याजवळ गेले आणि पाणी हवंय का, एवढंच विचारून परत आले.

शेवटी मॅडम बाहेर आल्या, चिंगी ठीक आहे म्हणाल्या. तेव्हा मी शोभाताईंच्या शेजारी बसले आणि सांगितलं. चूक माझी आहे, माझ्या पगारातून कापून घेतील, असंही म्हटलं.

त्या खाली बघत होत्या. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या.

"काय वाटलं होतं?"

"की तुम्ही चुकलात. गेल्या वर्षी शेजारणीच्या कुत्रीचं हेच झालं होतं. मला माहीत होतं किती लागतात." त्यांनी पदराचं टोक बोटावरून सोडवलं. "पण मी बोलले असते, तर तुम्ही खरा आकडा सांगितला असता. मग मला नको म्हणावं लागलं असतं."

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऑपरेशनला अंथरायचे हिरवे कपडे आम्ही बाहेरून आणायचो. त्या महिन्यापासून ते शोभाताई शिवायला लागल्या. अजूनही शिवतात. शिलाई बाजारातल्यापेक्षा बरी असते.

*

आणि जाधवकाका.

काका पाटबंधारे खात्यातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगी नागपूरला. घरात ते आणि त्यांचं पॉमेरेनियन, बिट्टू. बिट्टू अकरा वर्षांचा. खोकायला लागला म्हणून आणला, तर निघालं हृदयाचं. झडप नीट मिटत नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "काका, हे पूर्ण बरं होत नाही. पण रोज गोळ्या दिल्या तर बिट्टू दीड-दोन वर्षं चांगली काढेल. महिन्याला तीन हजारांच्या आसपास जातील. न दिल्या तर चार-पाच महिने."

काकांनी घासाघीस केली नाही. पेन्शन बरी होती. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताच आले. इस्त्रीचा शर्ट, एका हातात बिट्टू, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. आत जाताना मला म्हणाले, "सुनंदाताई, तुम्हीही या आत. पुढे काही लागलं तर दोघींना माहीत असलेलं बरं."

मी गेले. काकांनी बिट्टूला टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली. माणसांच्या हॉस्पिटलची. वर त्यांचं स्वतःचं नाव.

"तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात, हे मला कळतं," ते म्हणाले. "पण रिपोर्ट वाचता येत असतीलच. तिथले डॉक्टर मला सरळ काही सांगत नाहीत. काळजी करू नका म्हणतात. मुलीला विचारलं तर ती रडते. तुम्ही मात्र काल बिट्टूचं कसं स्वच्छ सांगितलंत, दीड-दोन वर्षं, चार-पाच महिने."

मॅडम म्हणाल्या, "काका, ते वेगळं असतं."

"असेल. पण हे वाचा आणि सांगा. त्याप्रमाणे याच्या गोळ्या किती दिवसांच्या लावायच्या ते ठरवू. माझ्या मागे याला खोकत बसलेलं बघणारं कोणी नाही. आणि हा आधी गेला तर..." त्यांनी बिट्टूच्या पाठीवरून हात फिरवला. "तर तेही मला चालणार नाही."

मॅडमनी फाइल उघडली. एक एक पान उलटत वाचत होत्या. बिट्टू मधेच खोकला, काकांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. मी फाइलकडे बघितलं नाही, मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. तिथे मला काही वाचता आलं नाही.

शेवटचं पान वाचून त्यांनी फाइल बंद केली, काकांना परत दिली आणि आपलं पॅड ओढून लिहायला लागल्या. काकांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, फाइल पिशवीत ठेवली. मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "गोळ्या काढा, ताई."

औषधं काढताना मी कागद बघितला. गोळीचं नाव, सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. शेजारी 'किती दिवस' असं छापलेलं असतं, तिथे मॅडमनी त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं:

काका येत राहतील तोपर्यंत.