चुटकीची शेवटची फेरी आणि माझा आवाज

रायपूरला जायचं ठरलं ते भाचीच्या फोनमुळे. "मामा, चुटकी के साथ मेरा लास्ट शो है। आओगे ना?" सानू बारा वर्षांची, चुटकी तिची पोनी. सानूचे पाय आता इतके लांब झालेत की या शोनंतर घोडेस्वारीच्या शाळेत चुटकी एका लहान मुलीला मिळणार होती. त्याआधी एकदा तरी चुटकीबरोबर सगळे अडथळे दांडा न पाडता ओलांडायचे, एवढंच सानूचं मागणं.

नागपूरहून सकाळची गाडी धरली तर दुपारी रायपूर. वाटेत डोंगरगडला खिडकीजवळ बसा, डोंगरमाथ्यावरचं देवीचं देऊळ दिसतं. स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवा, मग बसा. भाचीकडे चाललोय म्हटल्यावर रिक्षावाले भैया खूश झाले. "हमारे यहाँ मामा भांजी के पाँव छूता है। कौशल्या माता का मायका है न, तो राम जी हमारे भांजे हुए!"

मी हसलो. जिचा शेंबूड पुसला तिचे पाय धरू?

संध्याकाळी ताईबरोबर गोल बाजार. भांडी, कापड, धक्काबुक्की, सगळं छान. मी उद्यासाठी पेढे घेतले.

"अबे, आधी जिंकू तर दे पोट्टीले," ताई म्हणाली.

"आपली पोट्टी आहे, जिंकणारच!"

जेवायला फरा होता, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे. रायपूरला गेलात तर टोमॅटोच्या चटणीबरोबर खाच. सानूने ताटात फऱ्याचे तुकडे मांडून मला मैदान समजावलं. "पाँचवाँ नीला है, चुटकी उससे डरती है, तो मैं लंबा घूमकर आऊँगी। और मामा, बाहर से किसी ने कुछ बताया तो मैं आउट।" मी मान डोलावली. लक्ष सगळं चटणीत.

मैदान नव्या रायपूरच्या बाजूला. रस्ते रुंद आणि मोकळे, पण सावलीच्या नावाने शंख, तेव्हा टोपी आणि पाणी न्याच. सानूचा नंबर आला आणि मी मोबाइल रोखून उभा राहिलो. चुटकी ठेंगणी, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. पहिले चारही अडथळे तिने सहज पार केले. मग सानूने तिला निळ्या अडथळ्यापासून दूर वळवलं. पोरगी रस्ता विसरली, असं मला वाटलं.

"सानू, निळं! निळं तिकडं आहे!"

अख्ख्या मैदानात तेवढा एकच आवाज. घंटा वाजली. तोवर सानू वळसा पूर्ण करून निळ्याच्या समोर आली होती, चुटकीचे कान पुढे, उडी घ्यायला तयार. सानूने लगाम खेचला.

"सॉरी बेटा, बाहर से मदद मिली है," परीक्षक बाई म्हणाल्या.

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. नियम मला माहीत होता. आदल्या रात्री खुद्द तिनेच सांगितला होता.

"तुले काहून राहवलं नाही रे?" ताईने एवढंच विचारलं.

सानू उतरली आणि चुटकीच्या मानेला गाल लावून उभी राहिली. मी जाऊन तिच्या बुटांशी वाकलो. ती मागे सरकली. "मामा, प्लीज़। सब देख रहे हैं।" तेव्हा कळलं, माफी मागतानाही मी तमाशाच मांडला होता. मला माझीच किळस आली.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा पेढ्यांचा पुडा ताईच्या ओट्यावर तसाच बांधलेला होता.

घरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सानूचा मेसेज आला, "मामा, वीडियो भेजो।" तिच्या शेवटच्या फेरीचा तो एकच व्हिडिओ, माझ्या मोबाइलमधला. पाहिला, तर स्वतःचं ओरडणं ऐकवेना. सगळा आवाज काढून टाकला आणि पाठवला.

लगेच उत्तर आलं. "आवाज़ क्यों हटा दी? चुटकी के दौड़ने की आवाज़ सुननी थी।"

मी मूळ व्हिडिओ पाठवला. आता तिला चुटकीच्या टापा ऐकायच्या असतील, तर दर वेळी शेवटी माझं ओरडणंही ऐकावं लागेल.