बगळ्यांची बोलकी शेजारीण

तलावावरच्या त्या नावाडणीला सगळे बडबडबाई म्हणत, आणि ते कमीच होतं. समोर माणूस नसला तर ती वल्ह्याशी बोले. लव्हाळ्याच्या चटया विणून तिनं संसार ओढला होता. वर्षानुवर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती लव्हाळी कापायची, बगळ्यांची घरटी तेवढी सोडून, आणि तोंडाचा पट्टा आपला चालूच. हल्ली पक्षी बघायला येणाऱ्यांना ती होडीतून फिरवू लागली होती.

पण तिचा धाकटा दीर मासेमारांच्या संस्थेचा अध्यक्ष होता आणि लव्हाळ्यावर त्याचा दात होता. जाळी अडकतात म्हणून तलावातलं लव्हाळ्याचं सगळं बेटच कापून काढायचं त्यानं ठरवलं होतं. बेट गेलं की बगळे गेले, आणि बगळे गेले की पाहुणे कशाला येतात? बाईनं रडून-भांडून एक सवलत मिळवली. दीर एकदा पाहुण्यांबरोबर येईल, बघेल आणि मग काय ते ठरवेल.

त्या सकाळी नवऱ्यानं तिला बजावलं, “आज मिठाची गुळणी धर. पक्ष्यांना शांतता लागते.”

तिनं धरली. कधी नव्हे ती गप्प बसून वल्हं मारू लागली. होडी बेटापासून लांबच होती, पाहुण्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्याही नव्हत्या, तोच सगळे बगळे भर्रकन उडाले आणि हातावर तुरी देऊन गेले. होडी मागे घेऊन थांबवली. एखाददुसरा परतला, होडी हलताच पुन्हा उडाला.

“हेच बघायला लोक लांबून येतात होय?” दीर हसला.

बाईचा जीव तुटला. लाज, राग, सगळं एकदम वर आलं आणि गुळणी सुटली.

“अगं बायांनो, कुठं निघालात घरदार टाकून? मी आहे, मी! पिल्लं उपाशी ठेवून गावभर हिंडता, शोभतं का? इकडं माझे भाऊजी कोयता घेऊन बसलेत आणि तुम्हाला नखरे सुचतात!”

होडीच्या टोकाला बसलेल्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला. पण एक बगळा वळला. मग दुसरा. बाई बोलत राहिली, सुनेबद्दल, गुडघेदुखीबद्दल, भाऊजींच्या लहानपणीच्या खोड्यांबद्दल. आणि बगळे एकेक करून घरट्यांवर उतरले. त्या आवाजाशेजारीच त्यांच्या पिढ्या वाढल्या होत्या. मुकी होडीच त्यांना परकी वाटली होती.

“थांबू नका हो, बोलत राहा,” एक पाहुणी कुजबुजली. दिरानं तिची दुर्बीण मागून घेतली. एका घरट्यात तीन पिल्लं चोची वासून आईच्या अंगावर चढत होती. दुर्बीण परत द्यायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.

संध्याकाळी संस्थेच्या बैठकीत तो उभा राहिला.

“बेट राहील. जाळी आपण पलीकडं टाकू,” तो म्हणाला. “आणि आमच्या वहिनीला कुणी गप्प बसवलं, तर गाठ माझ्याशी आहे.”