सरोज पाळक झाली: कोलकात्याचं कॅथेड्रल, आप्पा आणि बिशपसाहेबांना एकच प्रश्न

सरोजचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. "मनीषा, तारीख ठरली. येशील?" मी "येणार!" म्हणून मोकळी झाले आणि मग विचारलं, "कसली तारीख?"

सरोज माझी पुण्याच्या हॉस्टेलमधली रूममेट, मूळची नगरची. बँकेत लागली आणि बदलीनं कोलकात्याला गेली ती तिथंच रमली. चार वर्षांपूर्वी तिनं अधिकाऱ्याची खुर्ची सोडून धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला. गेल्या वर्षी पहिली दीक्षा झाली, ती घेणाऱ्याला डीकन म्हणतात. आता ती पूर्ण पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, होणार होती, तेही मैदानाजवळच्या त्या भल्यामोठ्या कॅथेड्रलमध्ये. मी आयुष्यात कधी अशी दीक्षा पाहिली नव्हती. उत्साहानं त्याच दुपारी तिकिटं काढायला बसले.

"एक काम कर," सरोज म्हणाली, "आप्पांना घेऊन ये. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

आप्पा म्हणजे तिचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या पुढे. फोनवर त्यांनी तडक सांगितलं, "येतो. पोरगी नीट जेवते का ते बघायला. उपासनेला बसायचं मात्र काही कबूल केलेलं नाही मी."

पुण्याहून हावड्याला जाणारी गाडी नगरवरून जाते, हे वयस्कर माणसांबरोबर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा; विमानापेक्षा सुखाचं पडतं. थंडीत थर्ड एसी पुरे. नगरला आप्पा चढले ते लाडवांचा डबा घेऊन. दुसऱ्या दिवशी छत्तीसगढचं जंगल खिडकीबाहेरून जात होतं, तेव्हा ते आपणहून बोलले.

"आमचे बाबा पाळक होते. दर दोन-तीन वर्षांनी वरून पत्र यायचं की आमचं बिऱ्हाड बैलगाडीत. सातवीपर्यंत माझ्या पाच शाळा झाल्या. एका गावात धाकटी बहीण तापानं गेली. डॉक्टर नव्हता. तीन महिन्यांत पुन्हा बदलीचं पत्र. तिला तिथंच सोडून आलो आम्ही." त्यांनी चष्मा पुसला. "त्या बिशपला मी एकच प्रश्न विचारणार आहे, मनीषा. माझ्या पोरीला कुठं फेकणार?"

गाडीनं तीन तास उशीर केला म्हणून हावड्याला छान उजाडलेलं मिळालं. प्रीपेड टॅक्सी करा, घासाघीस वाचते. नव्या पुलावरून जाताना हुगळीवर धुकं होतं आणि त्यातून एक होडी अगदी सावकाश बाहेर येत होती. मी लहान मुलीसारखी खिडकीला चिकटले. सरोजचा फ्लॅट खिदिरपूरला, गोदीच्या बाजूला. खाली कोपऱ्यावर गरम कचोरी आणि बटाट्याची रसेदार भाजी मिळते. तिघांचा नाश्ता शंभराच्या आसपास, आणि तो केवळ स्वर्ग!

तिथंच मी माझी प्रश्नावली उघडली. "डायोसीस म्हणजे काय, झोनल ऑफिस?"

सरोज खळखळून हसली. "बँकेची सवय मला असायला हवी, तुला कशी लागली? अगं, एका बिशपच्या देखरेखीखालचा सगळा प्रदेश म्हणजे डायोसीस. त्यात पुष्कळ पॅरिश, म्हणजे मंडळ्या. प्रत्येक मंडळीला एक पाळक, आणि मंडळीतल्या लोकांनीच निवडलेली समिती. मोठे निर्णय डायोसीसच्या परिषदेत होतात. तिथं पाळक असतात, तशी साधी माणसंही असतात."

"आणि लंडनहून हुकूम?"

"मुळीच नाही. इंग्रजांच्या काळात हे इंग्लंडच्या चर्चचंच होतं. नंतर इथल्या वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. आता बिशप इथला, त्याची निवडही इथंच. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप, यांच्याशी नातं आहे, पण त्यांचा हुकूम आमच्यावर चालत नाही."

"आणि पाळकाला कुठं पाठवायचं ते कोण ठरवतं?" हा प्रश्न आप्पांचा होता.

सरोजचं हसू ओसरलं. "बिशप, आप्पा."

आप्पांनी कचोरी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आणि मी बसनं कॅथेड्रलकडे निघालो. डावीउजवीकडे नुसतं मैदान, फोर्ट विल्यमच्या बाजूला कवायतीचे आवाज, कोवळ्या उन्हात क्रिकेटचे वीस तरी सामने. तुम्ही एस्प्लनेडला उतरणार असाल तर तिथून मेट्रोनं रवींद्र सदन गाठा, तिसरं स्टेशन, तिकीट किरकोळ. तिथून कॅथेड्रल चालत. पांढराशुभ्र मनोरा झाडांतून वर आला आणि मी रस्त्यातच "अहाहा!" म्हणाले.

आप्पांना आधी बिशपांना गाठायचं होतं. जवळच्या डायोसीसच्या कार्यालयात बिश्वासबाबू नावाचे गृहस्थ भेटले. लोकरीची टोपी, टेबलावर फायलींचे गठ्ठे. आप्पांनी हेडमास्तरी इंग्रजीत सांगितलं, "मला बिशपसाहेबांना एक प्रश्न विचारायचाय."

"एकच?" बिश्वासबाबू हिंदीत म्हणाले. "इथं येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो. बसा, चहा घ्या."

मला वाटलं होतं, भेटीसाठी अर्ज करावा लागेल. वीस मिनिटांत आम्ही बिशपसाहेबांसमोर होतो. साधा जांभळा शर्ट घातलेला, मृदू बोलणारा माणूस. आप्पांनी बसायच्या आत प्रश्न विचारला.

"हो, मी तिला डायोसीसमध्ये कुठंही पाठवू शकतो," बिशप म्हणाले. "पण पत्र लिहिण्याआधी पाळकाला विचारतो आणि त्या मंडळीच्या समितीलाही."

"माझ्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं."

बिशपांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नसेल विचारलं. विचारायला हवं होतं." आणि पुढे, "सर, तुम्हाला ठाऊक नाही वाटतं? सरोजनं स्वतःच लांबचं गाव मागितलंय."

बाहेर आल्यावर आप्पा इतके भरभर चालायला लागले की मला पळावं लागलं. कॅथेड्रलच्या हिरवळीवर सरोज आमची वाट बघत उभी होती.

"तूच मागितलंस?"

"तिथं आठ महिने पाळक नाही, आप्पा. माणसं रविवारी नुसती येऊन बसतात, गाणी म्हणतात आणि घरी जातात. मी गेले होते. तुम्हाला आज सांगणार होते." मग हळूच म्हणाली, "गावात दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई तिथंच राहतात. ते आधी बघून आले, मगच हो म्हटलं."

तिनं झालमुरीचा पुडा पुढे केला. मोहरीच्या तेलातली ती झणझणीत भेळ त्यांनी उभ्याउभ्या सगळी संपवली. आणि दीक्षेच्या सकाळी मी उठले तेव्हा आप्पा कोट घालून, बूट चकचकीत करून दाराशी बसले होते.

आत काय सांगू! पाइप ऑर्गनचा पहिला सूर लागला तो थेट पायांखालून छातीत आला. रंगीत काचांमधून जमिनीवर निळं-लाल ऊन. (तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी उपासनेला बसता येतं. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, जागेवर थांबा आणि फोटोचा मोह आवरा.) सरोज पांढऱ्या झग्यात समोर उभी होती. मला ती हॉस्टेलमध्ये केस धुऊन टॉवेल गुंडाळून अभ्यासाला बसायची, तशी दिसली.

मग बिशपांनी सगळ्यांना विचारलं, या उमेदवाराविषयी कुणाची काही हरकत असेल तर आत्ताच सांगावी.

आणि माझ्या शेजारी आप्पा उठून उभे राहिले.

समोर सरोजची मान वळली. चार रांगा पुढचे बिश्वासबाबूही वळून बघायला लागले. मी आप्पांची बाही धरली. "आप्पा!"

"पाय आखडलाय गं," ते कुजबुजले. पण खाली बसले नाहीत. पुढचा प्रश्न आला: हिला पाळक करावं अशी तुमची इच्छा आहे का? सगळं चर्च एका आवाजात इंग्रजीत हो म्हणालं. आवाज विरला, आणि माझ्या शेजारून एकट्याचा खणखणीत मराठी आवाज उमटला, "होय! आहे!"

बिशपांनी मान वर करून पाहिलं आणि हसले. मग सरोजच्या डोक्यावर त्यांनी आणि इतर पाळकांनी हात ठेवले तेव्हा ती दिसेनाशी झाली. मी बाजारात हरवलेल्या पोरीसारखी रडत होते, का ते मलाच माहीत नाही.

बाहेर व्हरांड्यात नव्या पाळकबाईंचा आशीर्वाद घ्यायला रांग लागली होती. आप्पा रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा सरोजच त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं. "आज तू नाही," म्हणाले, आणि स्वतःची मान खाली घातली. तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला.

संध्याकाळी आम्ही नलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचे, संदेश खाल्ले. तो गूळ हिवाळ्यातच मिळतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच जा. तिघांत बारा खाल्ले, त्यातले सहा आप्पांनी.

पुण्याला येऊन आता पंधरवडा झाला. व्हिक्टोरिया मेमोरियल आतून बघायचं राहिलं, आणि त्याची मला जराही खंत नाही. एवढं मोठं शहर, एवढी जुनी इमारत, तिच्यामागे परिषदा, समित्या, फायली, पत्रं. आणि या सगळ्याच्या मधोमध एका म्हाताऱ्या माणसाला "विचारायला हवं होतं" एवढं कुणीतरी म्हणालं. त्यासाठी बत्तीस तासांचा प्रवास मी पुन्हा करीन.

काल आप्पांचा फोन आला. सरोजच्या नेमणुकीचं पत्र निघालंय. त्या गावाचं नाव त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवलं, नगरच्या त्यांच्या बंगाली शेजाऱ्याकडून शिकलेल्या उच्चारात. दोनदा चुकलं आणि तिसऱ्यांदा बरोबर आलं.